शहरातली बाग सगळ्यांची कशी होईल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रभागाच्या बैठका, सोसायट्यांच्या सभा, ज्येष्ठ नागरिक संघांचे कट्टे, जिथे जिथे बागा-मैदानांचा विषय निघतो तिथे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः पुण्या-मुंबईची आहेत, पण बराचसा कायदा राज्यभर एकच असल्यामुळे नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरच्या वाचकांनाही उत्तरं उपयोगी पडावीत.

बाग तर सगळ्यांसाठीच असते. मग वेगवेगळ्या लोकांचा वेगळा विचार कशाला?

गेट उघडं असलं की सगळे येतातच असं होत नाही. कुठल्याही बागेत सकाळी साडेसहाला जाऊन बघा. ट्रॅकवर चालणारी मंडळी, हास्य क्लब, योगासनांचा वर्ग. बहुतेक जण जवळच्या सोसायट्यांतले आणि चाळिशीच्या पुढचे. संध्याकाळी लहान मुलं आणि त्यांना घेऊन आलेल्या आया, आजी-आजोबा. आता कोण दिसलं नाही त्याची यादी करा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली. व्हीलचेअरवरचं मूल. दहा बाय दहाच्या खोलीत भावंडांच्या गलक्यात दहावीचा अभ्यास करणारा मुलगा. बिहार-ओडिशातून बांधकामावर आलेले कामगार. दोन घरांच्या कामामध्ये तासभर मोकळा मिळालेली घरकाम करणारी मावशी.

माझं ठाम मत आहे की नियोजन या दुसऱ्या यादीपासून सुरू व्हायला हवं. पहिल्या यादीतल्या लोकांच्या गरजाही खऱ्या आहेत, पण त्यांच्याकडे नगरसेवकाचा नंबर असतो आणि दिवा बंद पडला तर दुसऱ्या दिवशी तक्रार जाते. दुसऱ्या यादीतलं कुणी तक्रार करत नाही, म्हणून त्यांची गरज कागदावर येतच नाही.

एका माणसामागे किती मोकळी जागा हवी?

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दरमाणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. मुंबईत लोकांना खरोखर वापरता येणारी जागा माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास धरली जाते. एक सतरंजी अंथरली की संपली.

सरासरी मात्र फसवी असते. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे, पण त्याचा गोवंडीच्या मुलाला रोज संध्याकाळी उपयोग नाही. पुण्यात टेकड्या आहेत, दोनशेच्या वर बागा आहेत, तरीही जुन्या पेठांमधून किंवा नव्यानं समाविष्ट झालेल्या गावांमधून लहान मूल चालत जाईल इतक्या अंतरावर मैदान सापडणं कठीण. म्हणून शहराचा एकूण आकडा विचारण्यापेक्षा हे विचारा: आपल्या वस्तीतून, मोठा रस्ता न ओलांडता, दहा मिनिटांत चालत कुठल्या मोकळ्या जागेत पोहोचता येतं?

विकास आराखड्यात बागेचं आरक्षण आहे. म्हणजे बाग होणारच ना?

होणारच असं नाही. शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे विकास आराखडा ठरवतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ खाली त्यात आरक्षण पडतं, म्हणजे ती जागा बागेसाठी राखली जाते, पण जमीन बहुतेक वेळा खासगी मालकीची असते आणि महापालिकेला ती मोबदला देऊन घ्यावी लागते. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. कितीतरी बागा आणि मैदानं अशी कागदावरच संपली, आणि शेजारच्यांना ते तिथे इमारत उभी राहिल्यावर कळलं.

पैशाचं कारण पुढे येतं आणि त्यात तथ्य आहे. पण आणखी एक कारण आहे. महापालिका अधिनियमात पाणी, गटारं, दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्यं आहेत आणि बागा ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. दुसरीकडे, ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर आलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे महापालिकांकडे सोपवायच्या विषयांच्या यादीत, बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं हा स्वतंत्र विषय आहे. तरीही अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा ऐच्छिक काम आधी कापलं जातं.

आरक्षण वाचवायला नागरिक काय करू शकतात?

प्रारूप आराखडा, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत जाहिरातीत असते आणि ती थोडी असते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा लोकांच्या रेट्यामुळे मागे घ्यावा लागला. सुधारित आराखडा राज्यानं २०१८ मध्ये मंजूर केला. मंजूर आराखड्यात एखाद्या जागेचा वापर बदलायचा असेल तर कलम ३७ खाली पुन्हा जाहिरात आणि सुनावणी लागते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती बारीक अक्षरातली सूचना वाचणारा एक माणूस प्रत्येक प्रभागात असायला हवा.

हरकत लिहिताना 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहू नका. शीट क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आरक्षण क्रमांक, आणि त्या जागेवर सध्या कोण काय करतं, हे लिहा. रोज दोन शाळांची मुलं तिथे खेळतात, हे वाक्य सुनावणीत दहा विशेषणांपेक्षा जास्त कामाला येतं. आणि गरज पडली तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा बंगळुरूचा निकाल आहेच: बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. रुग्णालय ही चांगली गोष्ट असूनही.

आमची बाग दुपारी बंद असते. ते योग्य आहे का?

मला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. आपल्याकडे अनेक बागा सकाळी अकराच्या आसपास बंद होतात आणि चारनंतर उघडतात. कारणं ठरलेली: माळीकाम, सफाई, रखवालदाराची जेवणाची सुट्टी, आणि 'दुपारी नको ते लोक येऊन बसतात'.

ते लोक कोण, ते बघू. सकाळची तीन घरं आटोपून संध्याकाळच्या कामापर्यंत वेळ काढणाऱ्या बायका. घर लांब, जाऊन येण्याचं बसभाडं परवडत नाही, म्हणून डबा फुटपाथवर उघडतात, बंद गेटला पाठ टेकून. पार्सल पोचवणारी मुलं, ज्यांना दोन ऑर्डरींच्या मध्ये मोबाइल चार्ज करायला आणि पाय पसरायला जागा हवी असते. सकाळच्या अधिवेशनाची शाळा सुटलेली मुलं. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये दुपारी बसवत नाही अशी म्हातारी माणसं. सावलीची आणि पाण्याची गरज ज्या वेळी सर्वांत जास्त, नेमकी त्याच वेळी मोठमोठ्या झाडांची सावली कुलपात असते.

उपाय अवघड नाही. माळीकाम आणि सफाई एकेका भागात करता येते, पूर्ण बाग बंद ठेवावी लागत नाही. रखवालदाराच्या दोन पाळ्यांऐवजी तीन लागतील. तो खर्च कारंज्यापेक्षा कमी आहे. आणि सुरक्षिततेबद्दल बोलायचं तर वापरात असलेली बाग ओसाड बागेपेक्षा सुरक्षित असते, हे दुपारीही तितकंच खरं आहे.

प्रवेशशुल्क असावं का?

रोजच्या वापराच्या बागेला नसावं. मुंबईच्या राणीच्या बागेचं तिकीट २०१७ मध्ये पाच रुपयांवरून पन्नास झालं आणि आईवडील व दोन मुलांच्या कुटुंबासाठी शंभर रुपये ठरलं. तिथे प्राणिसंग्रहालय आहे, त्याचा खर्च मोठा आहे, वर्षातून एक-दोनदा जाणारी जागा आहे, त्यामुळे तो वाद वेगळा. पण कोपऱ्यावरच्या बागेला पाच-दहा रुपये लावले की रोज येणारं गरीब कुटुंब महिन्यातून एकदा येऊ लागतं. जमा होणारा पैसा तिकीट फाडणाऱ्या माणसाच्या पगारालाही पुरत नाही.

मोठ्या मुली मैदानावर का दिसत नाहीत?

आठ-नऊ वर्षांपर्यंत मुलगे-मुली बरोबरीनं झोक्यावर, घसरगुंडीवर असतात. मग हळूहळू मुली कमी होत जातात. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरानं १९९० च्या दशकात याचा अभ्यास केला तेव्हा हेच आढळलं: साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांमधून गायब होतात. जागा एकच आणि मोकळी असली की मोठे मुलगे ती व्यापतात आणि मुली कडेला सरकतात. तिथल्या दोन बागांमध्ये मग मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, वाटा वाढवल्या, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलला जागा दिली, दिवे लावले. मुली परत आल्या.

आपल्याकडेही चित्र असंच आहे, त्यात घरचं बंधन आणखी. मैदान म्हणजे क्रिकेट, आणि क्रिकेट म्हणजे मुलगे. एका मैदानावर सहा-सात टीम एकमेकींच्या खेळपट्ट्या ओलांडून खेळतात, त्यात खो-खो खेळायला पाच मुली उभ्या राहणार कुठे? मुंब्र्यात परचम या गटाच्या मुलींनी २०१२ च्या सुमारास फुटबॉल खेळायला सुरुवात केली, मैदानात आपल्यालाही जागा हवी म्हणून सह्या गोळा केल्या, आणि वेगवेगळ्या धर्मांच्या मुली एका संघात खेळू लागल्या. खेळाच्या साहित्यापेक्षा वेळ राखून मिळणं हीच त्यातली खरी मागणी होती.

तुमच्या मैदानासाठी आठवड्यातले दोन-तीन दिवस संध्याकाळी मुलींचा तास लेखी ठरवून घ्या आणि तो फलकावर लावा. एक प्रशिक्षक ताई असेल तर आया बिनघोर पाठवतात. स्वच्छतागृह उघडं आणि पाण्यासकट हवं. बहुतेक बागांत ते बांधलेलं असतं आणि कुलूप असतं. तान्ह्या बाळांच्या आयांसाठी एसटी स्थानकांवर असतो तसा हिरकणी कक्ष मोठ्या बागांतही व्हायला काय हरकत आहे?

दिव्यांगांसाठी रॅम्प केला आहे. पुरेसं आहे का?

आधी गेट बघा. दुचाकी आत शिरू नये म्हणून नागमोडी लोखंडी पाइप लावलेले असतात. त्यातून सडपातळ माणूस तिरका होऊन जातो. व्हीलचेअर जात नाही, बाबागाडी जात नाही, कुबड्या घेतलेल्या माणसाला कसरत करावी लागते. म्हणजे आतल्या रॅम्पपर्यंत पोहोचायची सोयच नाही. निदान ९० सेंटिमीटर मोकळी वाट हवी.

मग रॅम्पचा उतार. नियम १:१२ चा आहे. तीन पायऱ्यांची, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरची उंची चढायची तर रॅम्प जवळजवळ साडेपाच मीटर लांब लागतो. पायऱ्यांवर सिमेंट थापून केलेला दीड मीटरचा उतार हा रॅम्प नव्हे. त्यावरून माणूस मागे कोसळू शकतो. ठेकेदाराचं बिल निघण्याआधी टेप घेऊन मोजा.

आणि खेळ. वाळूत व्हीलचेअर रुतते, म्हणून झोक्यांपर्यंत जाणारी एक तरी घट्ट वाट हवी. उंच कट्ट्यावरचा वाळूचा हौद, पाठ आणि पट्टा असलेला झोका, हातानं वाजवायची घंटा-नळ्यांची भिंत, एवढ्यातही बरंच होतं. स्वमग्न मुलांना गोंगाटापासून दूर एक शांत कोपरा लागतो. या गोष्टी मागताना कुणाचे उपकार मागत नाही आहोत: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि खेळ यांचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. वेगळी 'दिव्यांग बाग' शहराच्या एका टोकाला बांधण्यापेक्षा प्रत्येक बागेत भावंडं एकत्र खेळतील अशी सोय करणं मला जास्त योग्य वाटतं.

ज्येष्ठांसाठी काय?

बसायला पाठ आणि हात टेकवायला आधार असलेली बाकं, दर पन्नास-साठ पावलांवर. ग्रॅनाइटचे गुळगुळीत कट्टे दिसायला छान, पण त्यावरून उठताना गुडघ्यांना विचारा. पावसात शेवाळणाऱ्या फरश्या काढा. ज्येष्ठांना माणसांत बसायची जागा हवी असते. हास्य क्लबची सुरुवातसुद्धा मार्च १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत जेमतेम पाच जणांनी केली होती आणि पुढे ती कल्पना जगभर पसरली. विरंगुळा केंद्र बागेला लागून असेल तर दोन्ही जागा नांदत्या राहतात.

सण, सभा, नमाज, छठपूजा यांना मैदान द्यावं की नाही?

द्यावं, आणि सगळ्यांना एकाच नियमानं द्यावं. दादरचं शिवाजी पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे क्रिकेट आहे, मल्लखांब आहे, दसरा मेळावा आहे, आणि दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांसाठी तंबू, पाणी, जेवण यांची व्यवस्थाही तिथेच होते. राज्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून आलेलं, हॉटेलचं भाडं न परवडणारं कुटुंब त्या मैदानावर रात्र काढतं. शहराच्या मैदानाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. आवाजाचा त्रासही खरा आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये तिथे शांतता क्षेत्राचे नियम लागू केले.

म्हणून वर्षाचं वेळापत्रक आधी जाहीर व्हावं: खेळाचे दिवस किती, कार्यक्रमांचे किती, मांडवाचे खड्डे बुजवायची अनामत किती, सफाई कुणाची. कुणाला परवानगी तोंडी मिळते आणि कुणाला सहा कागद मागितले जातात, असं झालं की वैमनस्य तिथूनच सुरू होतं. परराज्यांतून आलेल्या कामगारांना रविवारी एकत्र जमायला, फुटबॉल खेळायला, गाणी म्हणायला जागा मिळाली तर ते या शहराचे लवकर होतात.

जोडपी बसतात त्याचं काय?

बसू द्या. ज्यांच्या घरात सात माणसं आहेत त्या नवविवाहितांनाही बोलायला दुसरी जागा नसते. नियम सार्वजनिक वर्तनाचा असावा आणि तो सर्वांना सारखा असावा. काठी घेऊन ओळखपत्र विचारत फिरणं हे रखवालदाराचं काम नाही.

कुत्र्यांना आत सोडावं का?

कुंपण घातलेला वेगळा कोपरा असेल तर हो. मुलांच्या वाळूत नको.

निधी आला की ओपन जिम, पेव्हर ब्लॉक आणि कारंजंच का होतं?

कारण त्यांचं उद्घाटन करता येतं आणि निविदा सोपी असते. देखभालीचा फलक कुणी लावत नाही. वर्षभरात कारंज्याचा पंप बंद पडतो आणि हौदात डास होतात. तुम्ही मागणी करताना बांधकामाच्या जोडीनं पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद मागा. माळ्याची रिक्त जागा भरणं हे बहुतेक बागांसाठी सर्वांत चांगलं 'सुशोभीकरण' ठरेल. हिरवळीपेक्षा सावली मागा: कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, वड. हिरवळीला रोज पाणी लागतं आणि वर 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी लागते. पाणी द्यायचंच तर सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं द्या. पालापाचोळा जाळू नका, खत करा.

बाग एखाद्या संस्थेला दत्तक द्यावी का?

जपून. मुंबईत मैदानं सांभाळायला खासगी संस्थांकडे देणाऱ्या काळजीवाहू आणि दत्तक धोरणांतून काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सामान्यांना दार बंद झालं, म्हणून जानेवारी २०१६ मध्ये ते धोरण थांबवून भूखंड परत घ्यायची वेळ आली. दुसरी बाजूही आहे: चर्चगेटजवळचं ओव्हल मैदान स्थानिक रहिवाशांच्या चिकाटीमुळेच सुधारलं. फरक कराराच्या अटींत असतो. बांधकाम नाही, सदस्यत्व नाही, शुल्क नाही, वेळ महापालिका ठरवणार, हिशेब जाहीर: या पाच अटी असतील तर द्यावी. हाच प्रश्न नव्या सोसायट्यांचा आहे. मोठ्या प्रकल्पांत नियमानुसार जागेच्या दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, पण ती गेटच्या आत जाते. शेजारच्या वस्तीला तिचा काही उपयोग नसतो, म्हणून सार्वजनिक बागांची गरज तिच्यामुळे भागली असं धरू नये.

मला सुरुवात करायची आहे. कुठून करू?

एका बागेपासून. एक कामाचा दिवस आणि एक रविवार घ्या. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि बंद व्हायच्या आधी, अशा वेळी आत किती माणसं आहेत ते मोजा. बायका-पुरुष, साधारण वय, काय करतात, कुठे बसतात. बंद असेल तर गेटबाहेर कोण बसलं आहे तेही मोजा. मग न येणाऱ्यांकडे जा: जवळची वस्ती, बांधकामावरची कामगार वसाहत, विशेष मुलांची शाळा, मुलींचं वसतिगृह. प्रश्नावली मराठीबरोबर हिंदीतही ठेवा, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशी नुसतं बोला. रात्री आठनंतर जा, कामाची माणसं तेव्हाच घरी असतात.

हे दोन-तीन पानांत मांडा, नकाशा जोडा. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात छोटी कामं सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देता येतो, मुदत मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. गेटची रुंदी, तीन बाकं, एक नळ, स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामं त्यात सहज बसतात. वेळा बदलायच्या असतील तर पैसा जवळजवळ लागतच नाही. उद्यान विभागाला मोजणीसह पत्र द्या, प्रत प्रभाग समितीला द्या, आणि दोन्ही ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा: बाग दुपारी बंद ठेवण्याचा लेखी आदेश कोणता, कुणाचा आणि कोणत्या तारखेचा?